विसाव्या वर्षाचा ठिपका

तिच्या इमारतीतल्या लोकांना ती डॉक्टर आहे एवढंच माहीत होतं, आणि तेही अर्धवट. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा गुडघा सुजला की जिन्यात गाठून विचारायचे, "डॉक्टरीणबाई, एखादी गोळी सांगा ना." सुरुवातीला ती समजावून सांगायची की अहो, मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, मी म्हाताऱ्या मेंदूंचा अभ्यास करते. त्यावर समोरचा माणूस एक पायरी मागे सरकायचा. पुढे तिने समजावणं सोडून दिलं आणि "गरम पाण्याने शेका" हे उत्तर कायमचं ठरवून टाकलं. बहुतेकांना त्याने बरंही वाटायचं.

संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. एका भिंतीला सतत गुणगुणणारे शीतकपाट, दुसऱ्या भिंतीला खिडकी, आणि मधल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेले मेंदूचे काप रंगवून काचेवर बसवायचे आणि त्यांत साचलेले गाळाचे ठिपके मोजायचे, हे ती इतकी वर्षं करत होती की तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित बारीक दिसायला लागला होता.

पण खरं काम माणसांवर चालायचं. तेहतीस वर्षांची असताना तिने ते सुरू केलं. कल्पना साधी होती. विसरायला लागलेल्या माणसांना सगळेच तपासत होते. हिला न विसरणारी माणसं हवी होती. चाळिशी ओलांडलेली धडधाकट तीनशे माणसं घ्यायची, दर दोन वर्षांनी त्यांना तेच प्रश्न विचारायचे, आणि कोण कधी घसरायला लागतं ते बघायचं. ज्यांनी संमती दिली असेल त्यांचा मेंदू मृत्यूनंतर संस्थेकडे यायचा.

"म्हणजे लोक मरायची वाट बघत बसणार तू," तेव्हा तिची ताई म्हणाली होती.

"नाही गं. विसरायची," ती म्हणाली, आणि मग दोघींनाही ते जास्तच वाईट वाटलं.

ताई तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून ते प्रबंधातल्या चुका काढण्यापर्यंत सगळं ताईने केलं. चुका काढणं हा ताईचा धंदाच होता. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायची, मग कुणाचं लग्न आहे ते.

पहिल्या वर्षी तीनशे माणसं काही जमेनात. दोनशे ऐंशीवर गाडी अडली. धाकटीने शिक्षक धरले, टपालखात्यातले कारकून धरले, समोरचा न्हावी धरला, आणि शेवटी ताईला आणि भावजींना बसवलं. भावजी पहिल्याच वेळी वैतागले. "शंभरातून सात सात वजा करत जा म्हणे. मी काय शाळेत आहे?" ते पुन्हा गेले नाहीत. ताई मात्र दर दोन वर्षांनी, ठरल्या दिवशी, बरा पोशाख करून, चष्मा पुसून हजर.

नाव फक्त पहिल्या दिवशी लिहून घेत. मग माणसाला चिठ्ठी काढून एक नंबर मिळायचा आणि पुढे सगळे कागद त्या नंबराने चालायचे. नाव आणि नंबर यांची जोडयादी एका लोखंडी कपाटात असायची, आणि कपाटाची किल्ली प्रश्न विचारणाऱ्या बाईंकडे. या बाईंना सगळे मास्तरीण म्हणत. उंच, किडकिडीत, आवाज इतका मऊ की आज वार कोणता, असं विचारलं तरी ऐकणाऱ्याला आपली विचारपूस होते आहे असं वाटावं. नंबर कुणाचा हे मास्तरणीला ठाऊक असे, धाकटीला नसे. असू नये, असा नियमच होता आणि तो धाकटीनेच केला होता. नियमाचा दुसरा भाग असा की निकाल कुणालाही सांगायचा नाही. त्या माणसाला नाही, घरच्यांनाही नाही.

या नियमाला कारण घडलं होतं. अगदी सुरुवातीला एका निवृत्त मोजणीदाराचे गुण फार कमी आले. तिने कळवळून त्याच्या मुलीला बोलावून सांगितलं. मुलीने बापाची स्वयंपाकघरात जायची बंदी केली, बाहेर जायची बंदी केली, आणि सहा महिन्यांत तो माणूस खुर्चीत बसून वाळला. दुसऱ्या तपासणीत कळलं की त्याच्या दोन्ही कानांत मळाचे बोळे होते. त्याला प्रश्नच ऐकू आले नव्हते. त्या दिवसापासून धाकटीने नियम घातला आणि डोळ्यांत तेल घालून पाळला. एकदा मास्तरणीने चहा पिताना सहज "आज एक आजोबा आले होते, गमतीदार" एवढं म्हटलं, तर तिने सगळ्यांसमोर तिची अशी खरडपट्टी काढली की बिचारी दोन दिवस बोलली नाही.

अशी तीस वर्षं गेली.

लग्न तिने केलं नाही. करायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. दरवेळी काहीतरी संपवायचं राहिलेलं असायचं. सकाळी आठला निघायचं, सातला परतायचं, दाराचं कुलूप काढताना आत कुणी नाही हे माहीत असूनही क्षणभर थांबायचं. संस्थेतही पूर्वीची माणसं एकेक करून गेली. राहिली मास्तरीण. दोघी दुपारी एकत्र डबा खायच्या. पण सहा वर्षांपूर्वी मास्तरीण आपल्या खोलीत जेवायला लागली. "पथ्याचं असतं, तुम्हाला वास येईल," म्हणाली. धाकटीला वाटलं, कधीतरी आपण काही लागेल असं बोललो असू. तिने आठवून बघितलं, आठवलं नाही, आणि विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून ती सूक्ष्मदर्शकाशेजारी उभ्या उभ्याच पावाचे दोन तुकडे खाऊन घ्यायची.

उरला रविवार. रविवारी दोन बस बदलून ताईकडे. भावजी दहा वर्षांपूर्वी गेले, भाची समुद्रापलीकडे संसारात गुंतलेली. दोघी बहिणी खिडकीपाशी बसायच्या. ताई जुने किस्से सांगायची. तेच ते किस्से, पण ताई ते इतके रंगवून सांगायची की पुन्हा ऐकायला हरकत नसायची. मध्येच एखादं नाव अडलं की हात उडवून म्हणायची, "अगं तो, नाकाचा शेंडा! जाऊ दे, माणूस महत्त्वाचा नाही, गोष्ट महत्त्वाची." धाकटी हसायची. आठवड्याभरात ती हसायची ते तिथेच.

निवृत्तीचा दिवस जवळ आला तेव्हा संस्थेने तिचं व्याख्यान ठेवलं. सकाळी अकराला, मोठ्या सभागृहात. तीस वर्षांत काय सापडलं ते सांगायचं.

सापडलं होतं ते थोडक्यात असं. काही मेंदू गाळाने भरून गेलेले असायचे, पण त्यांचे मालक शेवटच्या दिवसापर्यंत शब्दकोडी सोडवत होते. म्हणजे मेंदू झाकतो. ज्याने जन्मभर वाचलं, लिहिलं, डोकं चालवलं, त्याचा मेंदू आडवाटा शोधून काढतो आणि आतली पडझड बाहेर दिसू देत नाही. पण झाकून झाकून झाकणार किती? एक दिवस आडवाटाही संपतात, आणि मग घसरण सुरू होते ती हळूहळू नाही, एकदम. तिची सगळी कारकीर्द या एका वाक्यावर उभी होती. दूरदूरच्या लोकांनी ते तपासून पाहिलं होतं आणि ते टिकलं होतं.

व्याख्यानात दाखवायला तिला एकच आलेख हवा होता, ज्यात हे सगळं एका नजरेत दिसेल. तीनशे रेघा चाळून तिने एक निवडली. एकशे सतरा नंबर. सोळा भेटींपैकी पंधरा झालेल्या. वीस वर्षं सपाट, जवळजवळ पैकीच्या पैकी. मग थोडी हलली, आणि शेवटच्या तीन भेटींत कड्यावरून दगड सुटावा तशी खाली. एक ठिपका मधेच गायब होता, विसाव्या वर्षाचा. पण तसे ठिपके कुणाचे ना कुणाचे गळतच असत. माणसं गावाला जात, आजारी पडत.

ताई व्याख्यानाला आली. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स ठेवून बसली. धाकटी बोलायला उभी राहिली तेव्हा तिने दोन बोटं किंचित वर केली, शाळेच्या बक्षीस समारंभात करायची तशी.

व्याख्यान छान झालं. लोक दोनदा हसले. मग पडद्यावर एकशे सतरा आला.

"ही एक स्त्री," धाकटी म्हणाली. "वाचण्या-लिहिण्याचं काम केलेली. वीस वर्षं ही आपल्याला पत्ता लागू देत नाही बघा. आत काय चाललं असेल ते असो, बाहेर एक टवका उडालेला नाही. आणि मग हे." तिने काठीने उतार दाखवला. "तीनशे रेघांमधली ही मला सगळ्यात सुंदर वाटते. सगळं काही एकाच माणसात दिसतं."

मागच्या रांगांतले तरुण संशोधक पुढे वाकून बघायला लागले. कुणीतरी "वा!" म्हणालं.

समारंभानंतर फुलं, चहा, फोटो. नव्या प्रमुखाने तिच्या हातात एक घड्याळ दिलं. ताई कोपऱ्यात उभी राहून चहा पीत होती, आणि कुणी ओळख करून दिली की "मी मोठी, ही धाकटी, आता कळत नाही ते सोडा," असं म्हणून हसवत होती.

टॅक्सीत बसल्यावर धाकटी म्हणाली, "कसं झालं गं?"

"चांगलं झालं. मोठ्याने बोललीस ते बरं केलंस." ताई खिडकीबाहेर बघत होती. दोन सिग्नल गेले. "त्या बाईचा विसाव्या वर्षाचा ठिपका नव्हता."

"असं होतं गं. कुणाचा ना कुणाचा नसतोच."

"विसाव्या वर्षी हे गेले. तपासणीचा दिवस आणि यांचा तेरावा दिवस एकच होता. मी फोन करून सांगितलं होतं, येत नाही म्हणून."

धाकटीच्या मांडीवरची फुलं टॅक्सीच्या हिसक्याने खाली घसरली, ती उचलायला ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"तसे दोघं-चौघं असतील," शेवटी ती म्हणाली. "तीनशे माणसांत."

"असतील की." ताईने मान डोलावली. "त्यातल्या वाचण्या-लिहिण्याचं काम करणाऱ्या बायका किती, ते तू बघ. अगं, मी चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. माझ्या मला दिसणार नाहीत? डोळे अधू झाले म्हणून छापखान्यातून घरी येणारं काम मी सोडलं, असं तुला सांगितलं ना? डोळे ठणठणीत आहेत. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीचा आरंभ हातातून सुटायला लागला, म्हणून सोडलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ताई आता तिच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुला सांगितलं असतं तर तू मला तपासली असतीस. आठवड्यातून एक दिवस बहीण यायची, तिची डॉक्टरीण झाली असती. आधीच घरात माणूस नाही."

ताईने मांडीवरची पर्स सरळ केली. "काखेत कळसा म्हणतात तो हाच बघ. तू गावभर हिंडलीस." आणि मग, घर आल्यावर, उतरता उतरता, "सुंदर म्हणालीस ते मात्र ऐकायला बरं वाटलं. या वयात कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी थेट मास्तरणीच्या खोलीत गेली. मास्तरीण पेन्सिलींना टोकं करत होती.

"मला जोडयादी हवी आहे. एक नंबर बघायचाय."

मास्तरणीने टोकयंत्र बाजूला ठेवलं. "नाही देता येत, बाई."

"मी प्रमुख आहे या अभ्यासाची. अजून चार दिवस आहे."

"म्हणूनच नाही देता येत. नियम तुमचा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एका आजोबांना गमतीदार म्हटलं म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर बोलला होतात."

"एकच नंबर, मास्तरीण."

"विचारू नका ना." मास्तरणीचा तो मऊ आवाज चिरकला. "तुम्ही विचारू नये, आणि विचारलंत तर माझ्या तोंडावर दिसू नये, म्हणून सहा वर्षं मी या खोलीत एकटी जेवते आहे. मला काय पथ्य आहे? काही नाही. भेंडीची भाजी आणते रोज."

यादी बघायची गरज उरली नव्हती. धाकटीने समोरची खुर्ची ओढली आणि त्यात बसली, जिच्यात तीस वर्षं तीनशे माणसं बसली होती आणि ती स्वतः कधीच बसली नव्हती. खुर्ची फार खोल होती. बसल्यावर समोरचं टेबल छातीशी यायचं. माणूस आपोआप लहान होत होता. हे आपल्याला कुणी कधी सांगितलं नाही, असं तिच्या मनात आलं.

"आज डबा इथेच खाऊ," ती म्हणाली.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत ती ताईकडे राहायला गेली. ताईने सहजासहजी येऊ दिलं नाही. "माझ्या घरात प्रयोगशाळा मांडायची नाही. मला प्रश्न विचारायचे नाहीत. आज वार कोणता, काल काय जेवलीस, काही नाही. विचारलंस तर तुझी बॅग जिन्यात ठेवीन." धाकटीने कबूल केलं.

कबूल करणं सोपं, पाळणं अवघड. तिचं डोकं तीस वर्षं एकाच वळणावर चाललेलं. ताईने मीठ दोनदा घातलं की मनात ठिपका पडायचा. ताई फोन ठेवून "कुणाचा होता गं?" म्हणाली की ठिपका पडायचा. ती जीभ चावून गप्प बसायची. तिला उतार पाठ होता. पुढचं वळण केव्हा, त्याच्यापुढे काय, हे तिला असं दिसायचं जसं दुसऱ्याला रस्त्याच्या टोकाचं घर दिसतं. आणि हे बोलण्यासारखं माणूस जगात एकच होतं, ते समोर बसून शेंगा सोलत असायचं.

भाचीचा फोन यायचा. "मावशी, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं?" धाकटी "हो हो" म्हणायची. आपल्याला काय कळतं आणि त्याचा घरात काय उपयोग, हे तिला सांगता आलं नसतं. न मळलेला टॉवेल ताई दिवसातून चार वेळा धुते, तेव्हा काय करायचं हे तिच्या एकाही निबंधात नव्हतं. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, "चार टॉवेल ठेवा की. धुऊ दे." तसं केल्यावर घर शांत झालं.

पुढच्या तपासणीची तारीख आली. धाकटीला वाटलं होतं, ताई आता नाही म्हणेल. ताईने सकाळी सातलाच चष्मा पुसायला घेतला.

"जायलाच हवं असं नाही," धाकटी म्हणाली.

"मधेच सोडलं तर तुझी रेघ अर्धी राहील. विसाव्या वर्षाचा राहिलाय तो पुरे झाला."

तेव्हा धाकटी मास्तरणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. या बाकावर नातेवाईक बसत. इथून आतलं सगळं ऐकू येतं, हेही तिला माहीत नव्हतं. दार पातळ होतं. मास्तरणीचा आवाज आला, पाच शब्द सावकाश सांगितले, मग थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा, मग, "मघाचे शब्द सांगता का?"

आत काहीच ऐकू येईना. हे पाच शब्द धाकटीने स्वतः निवडले होते, तेहतीस वर्षांची असताना, शब्दकोश पुढे घेऊन. एकमेकांशी संबंध नसलेले, पण रोजच्या वापरातले असे शब्द शोधायला तिला तीन आठवडे लागले होते. शब्दकोश ताईच्या छापखान्यातला होता. ती बाकावर बसून ओठ न हलवता एकेक शब्द म्हणत राहिली, जणू दारातून ते आत सरकवता येणार होते.

"तुम्हीच सांगा," ताईचा आवाज आला. "तुमचे इतक्या वर्षांत पाठ झाले असतील."

बाहेर आल्यावर ताईने तिच्या खांद्याला धरलं. "नापास झाले वाटतं."

"यात पास-नापास नसतं."

"असं तूच छापलंयस ना त्या कागदावर? मी तपासलं होतं ते प्रुफ. तेव्हाच म्हटलं होतं, हे वाक्य खोटं आहे. व्याकरण बरोबर होतं म्हणून ठेवलं."

त्यानंतर ताई तपासणीला गेली नाही. रेघ तिथेच थांबली.

आणखी एक वर्ष गेलं. किस्से तुटत गेले, मग नुसती सुरुवात उरली, मग नुसता हात उडवणं. नावं गेली, वार गेले, भावजींचा फोटो बघून "हे सज्जन दिसतात" म्हणायची वेळ आली. या सगळ्याची धाकटीला तयारी होती. प्रत्येक गोष्टीला तिच्या प्रश्नावलीत रकाना होता, आणि रकाना असला की माणूस धरायला कठडा मिळाल्यासारखा उभा राहतो.

मग एका सकाळी ती खिडकीपाशी कपडे वाळत घालत होती. मागून ताई म्हणाली, "अहो, जरा खिडकी लावता का? वारं लागतंय."

धाकटीने मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. ताई तिच्याचकडे बघत होती, अगदी अदबीने, पाहुण्याला त्रास देताना बघतात तशी.

तिने खिडकी लावली. हात ओले होते, कडीवरून दोनदा सटकले. सहासष्ट वर्षांत ताईने तिला अगं, ए, कार्टे, बये, शहाणे, काय काय म्हटलं होतं. अहो कधी म्हटलं नव्हतं. म्हणेल हे तिच्या कुठल्याच आलेखात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "अगं" झालं, तिला इतका आनंद झाला की ती उगाच दुकानात जाऊन बिस्किटं घेऊन आली. चार दिवसांनी पुन्हा "अहो". मग आठवड्यातून एखादं "अगं" उरलं. मग तेही नाही.

"तुम्ही घरी कधी जाता?" एकदा दुपारी ताईने विचारलं. "तुमची माणसं वाट बघत असतील."

"माझी माणसं इथेच आहेत."

"मग बरं आहे," ताई म्हणाली, आणि तिला बसायला जागा करून दिली.

त्या आठवड्यात धाकटीने नव्या प्रमुखाला पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर तिने संस्थेला काहीच लिहिलं नव्हतं. पत्र छोटं होतं. नातेवाइकांना विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवावा: घरातलं माणूस तुम्हाला पूर्वी जशी हाक मारत होतं, तशीच अजून मारतं का? नसेल, तर काय बदललं?

उत्तर लगेच आलं. "प्रश्न चांगला आहे, मॅडम. पण गुण कसे द्यायचे?"

ती तो कागद घेऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तीस वर्षांपूर्वी तिला कुणी असा प्रश्न सुचवला असता तर तिनेही हेच विचारलं असतं. शेवटी तिने लिहिलं, "गुण देऊ नका. विचारा मात्र."

बैठका झाल्या, समित्यांनी मान हलवली, आणि सात महिन्यांनी प्रश्न छापून आला. त्या दिवशी दुपारी मास्तरणीचा फोन आला. तीही महिन्याभरात निवृत्त होणार होती.

"बाई, आज पहिल्यांदा विचारला तुमचा प्रश्न. एका गवंड्याची बायको होती. इतर सगळ्या प्रश्नांना हो, नाही, माहीत नाही. याला चाळीस मिनिटं बोलली. मी लिहून घेतलं, पण रकाना पुरला नाही."

"मग कागदाच्या मागे लिही."

"मागेच लिहिलंय. पण मागचं कुणी वाचत नाही."

"तू वाचून दाखव मला," धाकटी म्हणाली. "रविवारी ये. भेंडीची भाजी आण."

तिने फोन ठेवला आणि चहाचे दोन कप घेऊन आत गेली. ताई उशीला टेकून बसली होती.

"कुणाचा होता फोन?"

"माझ्या ऑफिसातल्या बाईंचा."

"अस्सं. आपण कुठे काम करता?"

धाकटीने खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागली. घाई नव्हती, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. तीनशे माणसं, तेच ते प्रश्न, काचेवरचे ठिपके, मेंदू कसा झाकत राहतो ते. ताई मन लावून ऐकत होती. मध्ये एकदा "बाप रे" म्हणाली, आणि एकदा "मग?"

"अवघड काम आहे तुमचं," सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "एवढी वर्षं! घरचे काही म्हणत नाहीत?"

"बहीण म्हणायची कधीकधी."

"बहिणी म्हणणारच," ताई म्हणाली, आणि चहा निवला म्हणून कप तिच्या हातात परत दिला.